स्कोपमध्ये घोड्याच्या स्वरयंत्राची डावी पाकळी उशिरा उघडते, मग घोडा घ्यायचा की सोडायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेसमधून रिटायर झालेला सहा वर्षांचा थरोब्रेड, १६ हँडच्या वर उंची (एक हँड म्हणजे चार इंच), रायडिंगसाठी घ्यायचा विचार चाललाय. घ्यायच्या आधी डॉक्टरांकडून एंडोस्कोपी करून घेतली (हे शहाणपणाचं केलंत), रिपोर्टमध्ये लिहून आलं "लॅरिंक्स ग्रेड २.२, डावी बाजू" (लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र). मोबाईलवर व्हिडिओ बघितला तर एक बाजू सुस्त दिसते, श्वासाबरोबर नीट हलत नाही, मधेच थरथरते. मित्र म्हणाला हा रोअरर आहे, म्हणजे पळताना श्वास घेताना घर्र आवाज करणारा, नाद सोड. तुम्ही विचारताय की मुळात घोडा श्वास घेतो तेव्हा स्वरयंत्र हलतं कसं ते सांगा, बाकी माझं मी ठरवतो. असा प्रश्न फार कमी लोक विचारतात, बहुतेकांना फक्त पास की फेल एवढंच हवं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पुण्या-मुंबईच्या रेसच्या घोड्यांवर वीसेक वर्षं काम केलंय, पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात महालक्ष्मी, आणि घोड्याच्या नाकातून स्कोप किती वेळा घातला असेल ते मोजायचं कधीच सोडून दिलं.

आधी एक गंमत सांगतो. स्क्रीनवर तुम्हाला जी उजवीकडे दिसते ती घोड्याची डावी बाजू असते, कारण आपण समोरून बघतोय, समोर उभ्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो तसं. मालक लोक इथेच निम्म्या वेळा चुकतात आणि मला फोन करून सांगतात की डॉक्टर, तुमचा रिपोर्ट उलटा आहे.

आता व्हिडिओत काय काय दिसतंय ते बघू. मधोमध खाली त्रिकोणी पानासारखा जो भाग आहे, कडेला थोडा कातरलेला आणि वर बारीक रक्तवाहिन्या दिसणारा, तो एपिग्लॉटिस. त्याच्या मागे वरच्या बाजूला दोन गुलाबी पाकळ्या दिसतात, त्या ॲरिटेनॉइड नावाच्या कूर्चा. मी त्यांना पाकळ्याच म्हणतो, मालकाला पटकन समजतं. त्यांच्या खाली दोन्ही बाजूंना स्वररज्जू, आणि मधे जी काळी पोकळी दिसते ती श्वासनलिकेची वाट. घोड्याला हवा मिळते ती या एकाच वाटेनं, आणि तिथवर पोचायचा रस्ता फक्त नाकातून आहे. माणूस दमला की तोंड उघडून धापा टाकतो, घोड्याला ती सोय नाही, कारण त्याचा एपिग्लॉटिस मऊ टाळूच्या वर बसलेला असतो, शर्टाचं बटण काजात बसावं तसं स्वरयंत्र टाळूत घट्ट बसतं आणि तोंडाकडची बाजू बंद होते. ते बटण फक्त गिळताना क्षणभर सुटतं आणि परत बसतं.

या पाकळ्या उघडायचं काम करणारी स्नायूंची जोडी एकच आहे, स्वरयंत्राच्या पाठीवर, क्रायकोॲरिटेनॉइडियस डॉर्सालिस असं लांबलचक नाव आहे, आम्ही सीएडी म्हणतो. बंद करणारे स्नायू चिक्कार आहेत, उघडणारा मात्र प्रत्येक बाजूला एकच. निसर्गाच्या दृष्टीनं ते बरोबर असावं, खाल्लेलं फुप्फुसात जाऊ नये ही पहिली काळजी. सीएडी आवळला की पाकळी बाहेर, वर आणि थोडी मागे अशी वळून सरकते. दाराच्या बिजागरीसारखी सरळ उघडते असं डोक्यात असेल तर ते काढून टाका, ती कलती होत होत वर जाते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. घोडा तबेल्यात शांत उभा असतो तेव्हा मिनिटाला साधारण ८ ते १४ श्वास, प्रत्येक श्वासात पाचेक लिटर हवा. एवढ्या हवेला मोठी वाट लागतच नाही. म्हणून पाकळ्या अर्धवट उघड्या, निवांत असतात, श्वास आत घेताना किंचित बाहेर सरकतात, सोडताना किंचित आत येतात, आणि हे इतकं बारीक असतं की बऱ्याच चांगल्या घोड्यांत नीट बघितल्याशिवाय कळत पण नाही. कधी डावी जरा मागून येते, कधी मधेच थरथरते, कधी दोन-तीन श्वास काहीच हलत नाही आणि मग एकदम हलते. शांत घोड्यात हे सगळं मी रोज बघतो. म्हणजे "श्वासाबरोबर नीट हलत नाही" हे तुमचं निरीक्षण खरं आहे, फक्त त्यावरून निघणारा निष्कर्ष तेवढा मोठा नाही. त्या वेळी स्नायूला काम जेमतेम आहे, त्यानं आळस केला तर त्यात त्याचं काय चुकलं.

खरी परीक्षा पळताना. भरधाव घोडा मिनिटाला १२० ते १३० श्वास घेतो, आणि ही संख्या त्यानं ठरवलेली नसते, पायांनी ठरवलेली असते. कँटर आणि गॅलप या वेगाच्या चालींत एक झेप म्हणजे एक श्वास, पुढचे पाय जमिनीवर येतात तेव्हा श्वास बाहेर पडतो आणि पुढचा भाग हवेत उचलला जातो तेव्हा आत येतो. दुडकीला हे एवढं घट्ट बांधलेलं नसतं. आता हिशोब करा. मिनिटाला १२० म्हणजे एका श्वासाला अर्धा सेकंद, त्यातला आत घ्यायचा भाग पाव सेकंदाच्या आसपास, आणि तेवढ्यात १२ ते १५ लिटर हवा आत ओढायची. सेकंदाला सरासरी ५०-६० लिटरचा वेग झाला हा, तबेल्यात उभं असताना तो ऐन ओढीतही ४-५ च्या घरात असतो. एवढ्या घाईत प्रत्येक श्वासाला पाकळ्या उघडायच्या-मिटायच्या म्हटलं तर वेळच पुरणार नाही, म्हणून निरोगी घोडा तसं करतच नाही. पळायला लागला की तो दोन्ही पाकळ्या पूर्ण वर उघडतो आणि तिथेच धरून ठेवतो, श्वास आत असो की बाहेर. म्हणजे उभं असताना थोडी हालचाल दिसते आणि जोरात पळताना दिसायलाच नको. लोकांना हे उलटं वाटतं. ज्या घोड्याचं स्वरयंत्र भरधाव पळताना श्वासागणिक हलतंय, त्याचंच काहीतरी बिघडलेलं असतं.

पाकळ्यांशिवाय अख्खं स्वरयंत्र पण हलतं, हे स्कोपमध्ये पटकन लक्षात येत नाही. ते हायॉइड नावाच्या हाडांच्या चौकटीला लटकलेलं असतं आणि ती चौकट कवटीच्या तळाला टांगलेली, अगदी झोपाळ्यासारखी. श्वास आत घेताना छाती फुगते, श्वासनलिका मागे ओढली जाते आणि तिच्याबरोबर स्वरयंत्र पण थोडं मागे जातं. गळ्याखालचे लांब पट्ट्यासारखे स्नायूही त्याला छातीकडेच ओढतात. त्याला पुढे आणि वर धरून ठेवायचं मुख्य काम थायरोहायॉइड स्नायूचं. पळताना हा स्नायू ढिला पडला तर ते बटण काजातून सुटतं, मऊ टाळू एपिग्लॉटिसच्या वर येतो आणि वाट अडवतो. ही वेगळी भानगड आहे, पुढे आवाजाबद्दल लिहिताना परत येतो. रेसच्या घोड्याची जीभ पट्टीनं बांधलेली बघितली असेल, त्यामागची कल्पना हीच, जीभ हायॉइडला जोडलेली असते म्हणून जीभ मागे गेली नाही तर स्वरयंत्र जागेवर राहील. सगळ्याच घोड्यांना त्याचा उपयोग होतो असं काही माझ्या बघण्यात नाही.

मानेचा पण संबंध आहे. घोड्यानं मान लांब केली की वाट सरळ होते आणि हनुवटी छातीकडे घेतली की घशाशी जागा अरुंद होते. लग्नात नाचवतात त्या घोड्यांची मान लगाम आवळून कमानीसारखी ठेवतात, फोटोला छान दिसतं, पण ज्याचं स्वरयंत्र मुळातच कमकुवत आहे तो त्या अवस्थेत लवकर घुरघुरतो. तुम्हाला ड्रेसाज, म्हणजे मान कमानीत ठेवून शिस्तबद्ध चाली करून घ्यायचा प्रकार, करायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

बरं, मग नेमकी डावीच बाजू का? सीएडीला हुकूम देणारी नस मेंदूतून निघते, मान उतरून छातीत जाते, आणि तिथून परत मान चढून स्वरयंत्रात येते. उजवी नस छातीच्या तोंडाशीच एका धमनीला वळसा घालून फिरते. डावी मात्र पार हृदयाजवळ महाधमनीच्या कमानीखालून वळते, आणि मोठ्या घोड्यात तिची लांबी दोन मीटरच्या पुढे जाते. अंगातल्या सगळ्यात लांब नसांपैकी ही एक. तिचे लांब तंतू टोकाकडून मरत येतात, स्नायू हळूहळू सुकतो आणि पाकळी उघडत नाही. तंतू का मरतात याचं एकच कारण सांगता येत नाही, पण उंच घोड्यांत हे जास्त आणि पोनीत जवळजवळ नाहीच, आणि घराण्यात चालतं असंही दिसतं. आपल्याकडचे भीमथडी म्हणा, छोट्या चणीचे घोडे म्हणा, यांच्यात मला हा त्रास बघायला मिळालेला नाही. थरोब्रेडमध्ये नेहमीचाच. ऑरमाँड नावाचा इंग्लंडचा घोडा १८८६ साली ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथल्या तीन मोठ्या रेस, जिंकला, आयुष्यात एकही रेस हरला नाही, आणि तरी तो रोअरर होता. त्याचं उदाहरण देऊन लोक म्हणतात बघा, रोअरर पण जिंकतो. जिंकतो, पण तो ऑरमाँड होता.

नस बिघडायची दुसरी कारणं पण आहेत आणि त्यातलं एक आपल्या हातात असतं. मानेच्या शिरेत इंजेक्शन देताना औषध शिरेबाहेर गेलं तर शेजारून जाणारी नस भाजते, कधीकधी कायमची. कुणीही उठून मानेत सुई टोचतो तिथे हे होतं. घशाजवळच्या हवेच्या पिशव्यांत, गटरल पाउचमध्ये, बुरशी किंवा पू झाला तर त्याही नसेला लागू शकतं. आणि विदर्भातल्या लोकांना माहीत असलेली लाखोळी, म्हणजे लाख डाळ, ती घोड्याला बरेच दिवस खायला घातली तर स्वरयंत्राचा लकवा होतो, पूर्वी हिंदुस्थानातून गेलेली ही डाळ खाऊन इंग्लंडात पण घोडे घुरघुरायला लागले होते. माणसात तिनं पाय जातात, घोड्यात पायांबरोबर गळा पण जातो. दोन्ही बाजू एकदम बिघडलेल्या दिसल्या तर मी आधी खाणं, विषबाधा आणि लिव्हर यांच्याकडे बघतो, कारण नेहमीचा आजार एकटी डावी बाजू धरतो.

आता आवाज कसा येतो. श्वास आत ओढताना नळीच्या आत दाब कमी होतो, भरधाव पळताना तर फारच. स्ट्रॉनं घट्ट मिल्कशेक जोरात ओढला की स्ट्रॉ चपटी होते ना, तसंच. दोन्ही पाकळ्या स्नायूनं ताणून धरलेल्या असतील तर ओढ सहन होते. डावी सुटलेली असेल तर ती वाटेत खेचली जाते, तिच्या खालची स्वररज्जू पण आत येते, फटीतून हवा घुसते आणि शिट्टी किंवा करवतीसारखा घर्र आवाज येतो. श्वास सोडताना आतून दाब येतो, पाकळी आपोआप बाजूला ढकलली जाते, आवाज बंद. म्हणून रोअररचा आवाज श्वास आत घेतानाचा, आणि वेग वाढेल तसा वाढणारा.

आता तुमच्या रिपोर्टमधला २.२. उभ्या घोड्यासाठी आम्ही वापरतो ती हॅवेमेयर स्केल, २००३ सालापासूनची, चार ग्रेडची. ग्रेड १ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, एकदम, पूर्ण उघडतात आणि उघड्या राहतात. ग्रेड २ म्हणजे हालचाल मागेपुढे आहे, किंवा एरवी एक बाजू लहान दिसते, पण पूर्ण उघडू शकते आणि धरून ठेवते. ३ म्हणजे पूर्ण उघडत नाही किंवा उघडली तरी टिकत नाही, त्यात परत ३.१, ३.२, ३.३ अशा पायऱ्या. ४ म्हणजे पाकळी मेलेली, हलतच नाही. म्हणजे सगळा खेळ "उघडू शकते का आणि धरून ठेवते का" यावर आहे, शांत श्वासात किती हलते यावर नाही. जगात दुसऱ्या स्केल पण चालतात, म्हणून नुसता आकडा सांगून उपयोग नाही, कुठल्या स्केलवरचा ते विचारायचं.

उघडायला लावायच्या दोन युक्त्या. स्कोपमधून घशात पाणी सोडलं की घोडा गिळतो, स्वरयंत्र पुढे उचललं जातं, सगळं मिटतं आणि गिळून झाल्यावर लगेच पाकळ्या फाडकन पूर्ण उघडतात. दुसरी म्हणजे नाकपुड्या हातानं अर्धा-एक मिनिट बंद धरायच्या, घोड्याला हवा कमी पडली की तो जोर लावतो. तुमच्या वर्णनात लिहिलंय की व्हिडिओच्या शेवटी एकदा तो गिळतो आणि मग "दोन्ही बाजू सारख्या दिसल्या, पण थोडाच वेळ". हा तो क्षण, सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच तुम्ही जाता जाता लिहिलाय! थोडाच वेळ म्हणजे किती? दोन-चार श्वास पूर्ण उघडी राहून मग सावकाश सैल झाली असेल तर २.२ बरोबर आहे. उघडली आणि लगेच डावी एकटीच गळून पडली असेल तर मी ३.१ म्हणेन. व्हिडिओ हळू करून परत बघा. अजून एक विचारून घ्या, स्कोप करताना भूल किंवा गुंगीचं औषध दिलं होतं का? दिलं असेल तर ग्रेडला फार अर्थ नाही, त्या औषधानं चांगल्या घोड्याची डावी बाजू पण लटकते. मी नाकाला ट्विच (वरचा ओठ आवळून धरायची दोरी) लावतो आणि सईसाला डोकं धरायला सांगतो, बस.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. दोन वर्षांचा एक कोल्ट, म्हणजे तरुण नर, होता, उभं असताना डावी सारखी थरथरायची, मी मालकाला एवढं घाबरवलं की त्यानं पडेल किमतीत विकून टाकला, आणि तो घोडा पुढे दोन सीझन चूपचाप पळाला, ना आवाज ना काही. त्याच्या उलट एक फिली, म्हणजे तरुण घोडी, तबेल्यातला स्कोप बघून मी म्हणालो ठीक आहे, थोडीशी मागे आहे इतकंच, आणि ट्रॅकवर आठशे मीटर झाले की लांबून ऐकू यावी अशी शिट्टी. गिळल्यानंतर तिची पाकळी उघडायची पण टिकायची नाही, आणि ते एक सेकंद मी नीट बघितलंच नव्हतं. तेव्हापासून मी पाणी तीन वेळा सोडतो. आता पळत्या घोड्यावर बसवायचा स्कोप पण मिळतो, कॅमेरा लगामाला बांधून घोडा प्रत्यक्ष ट्रॅकवर पळतो आणि रेकॉर्डिंग होतं, संशय असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ग्रेड ३ च्या घोड्यांत तर ते बघितल्याशिवाय मत देऊच नये, त्यातले काही पळताना धरून ठेवतात, काही पार कोसळतात.

ती सोय नसेल तर कान वापरा. सकाळी घोडा गॅलपला काढा, शेवटच्या टप्प्यात रेलिंगजवळ उभे राहा आणि आवाज आला तर पुढच्या पायांकडे बघा. पुढचे पाय जमिनीवर आदळताना आवाज येत असेल तर तो श्वास सोडतानाचा, बहुतेक वेळा नाकपुडीच्या आतली घडी फडफडते, बऱ्याच घोड्यांत असतं आणि वेग वाढला की कमी होतं, दुर्लक्ष करा. पुढचा भाग उचलला जाताना शिट्टी किंवा घर्र असेल तर ती आपली भानगड. आणि चांगला पळता पळता शेवटी अचानक पाणी खळखळल्यासारखा आवाज करून घोडा एकदम थांबल्यासारखा झाला, मग गिळला आणि परत नीट, तर तो मऊ टाळू, बटण सुटलेलं. हे तीन आवाज एकदा कानात बसले की विसरत नाहीत. घोडा तयारीत नसेल तर मात्र जरा धीर धरा, आठ महिने उभा असलेला जाडा घोडा कसाही घुसघुसतो.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमची वेळ आलेली नाही. टाय-बॅकमध्ये जाड धाग्यानं डावी पाकळी कायमची उघडी बांधून टाकतात, सीएडीचं काम दोरा करतो. रेसच्या घोड्याला नेहमीचा पर्याय तोच, पण मग पाकळी मिटतही नाही, म्हणून खाताना खोकला आणि खाण्याचे कण श्वासनलिकेत जायचा धोका राहतो, आणि काही दिवसांनी दोरा थोडा सैल पडतोच. नुसता आवाजच त्रास देत असेल तर डाव्या स्वररज्जूचा भाग आणि स्वरयंत्रातलीच तिच्या शेजारची छोटी पिशवी काढतात, जुने लोक त्याला हॉबडे म्हणतात, आता लेझरनं उभ्या घोड्यात होतं.

तुम्हाला रेस पळवायची नाही. हॅकिंग म्हणजे साधी रपेट, थोडं जंपिंग एवढ्यासाठी घोडा भरधाव वेगाच्या जवळपासही जाणार नाही, तेवढ्याला २.२ चा घोडा मी स्वतः घेईन, फक्त किमतीत थोडी घासाघीस करून. ३.१ निघाला तर आधी राइड करून आवाज ऐकेन मगच पैसे देईन. विकणाऱ्याला सांगा की पंधरा मिनिटं वॉर्म-अप आणि मग एकदा लांब गॅलप, मान मोकळी सोडून एकदा आणि लगाम घेऊन एकदा. मोबाईल रेलिंगवर ठेवून आवाजासकट रेकॉर्ड करा, मोबाईलवर थेट वारा येईल असे उभे राहू नका नाहीतर नुसता वाराच ऐकू येतो. आणि हात लावायचा तर गळ्याच्या वरच्या बाजूला, जबड्यामागे, दोन्हीकडे एकाच वेळी बोटं फिरवा. घोड्याच्या डावीकडे उजवीपेक्षा टोकदार हाड लागल्यासारखं वाटलं तर तिथला सीएडी सुकलेला आहे. हे करताना घोड्याच्या समोर उभे राहा, आणि बोटं हळू, बऱ्याच घोड्यांना तिथे हात लावलेला आवडत नाही, लगेच खोकतात.